भागे, तू कुत्र्यापायी गेलीस

भागे, आधी तुला शिव्या घालणार. बाकीचं मागाहून. तू असतीस तर म्हणाली असतीस, "घाला काय घालूच्यो त्यो, तोंड मोकळा करा आणि मगे जेवा." आता असं म्हणणारं कोणी नाही, म्हणून शिव्या घशात अडकून बसल्यात.

गाढव बाई. म्हातारपणी अक्कल कुठे विकून आलीस? रस्त्यावर पोलिस बंदुका रोखून उभे. पोरं सोड्याच्या बाटल्या फेकतायत. धुराने सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागलेल्या. आणि तू बाहेर. कशासाठी, तर सशाएवढ्या एका कुत्र्यासाठी. तेही म्हातारं, तेही आंधळं, तेही दुसऱ्याने टाकलेलं.

झालं. घातल्या शिव्या. पोट काही हलकं झालं नाही.

तू ते घरी आणलंस त्या दिवशीसुद्धा आपण भांडलोच होतो. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं सरकारने ठरवलं म्हणून लालबागेत त्या सकाळपासून पेटलेलं. गिरण्या बंद, ट्राम बंद, नाक्यावर टायर जळत होते. मी काठी घेऊन गॅलरीत उभा. तुला सांगितलं होतं, आज दादरला जाऊ नको, तुझ्या त्या गुजराथी शेठाणीची, बाची, भांडी एक दिवस राहिली तर बा मरणार नाही. तू गेलीसच. बाकडे तू किती वर्षं भांडी घासलीस ते आता मोजत नाही. आमच्या संपात आपली चूल त्याच हातांवर पेटायची एवढं मला ठाऊक आहे, आणि ते मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो. घे.

दुपार कलताना तू आलीस. चालत. पदर पुढे घट्ट धरलेला आणि पदरात काहीतरी जड. खाली दरवाजात पोरांचं टोळकं बसलेलं, त्यात आपल्या चाळीतला दत्ताराम, डोक्याला पट्टी. आदल्या दिवशी लाठी खाऊन आला होता आणि ती पट्टी तूच बांधली होतीस, तुझ्या जुन्या लुगड्याची. त्याच दुपारी नाक्यावरचं एक किराणा दुकान लोकांनी फोडलं होतं. दत्तारामला वाटलं, म्हातारीने पण हात मारला.

"काकी, काय गावलं? तूप की साखर?"

तू पदर सोडलास. आतनं पांढरं डोकं वर आलं. उकडलेल्या अंड्यासारखे दोन डोळे, पांढरे. कान खाली पडलेले. बंगल्यातल्या बाया कडेवर घेऊन फिरतात ना, झुपकेदार शेपटीचं, तसलं कुत्रं. पोरं हसून हसून लोळली.

"तूपच आहे, फक्त केस आलेत त्याला," दत्ताराम म्हणाला.

मी वरनं ओरडलो, "ह्या काय हाडलंस गो? ह्या कोणाचा?"

"बाचा होता," तू वर बघून म्हणालीस. "आता आमचा."

आमचा! मला विचारलंस? मी खोलीत येऊन पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. तांब्या चेपला तो अजून तसाच आहे. तू पाणी पुसलंस, तांब्या जागेवर ठेवलास आणि सांगायला बसलीस, जसं काही झालंच नाही. बाचा मुलगा आईला घेऊन गावी निघाला होता, इथे जिवाची खात्री नाही म्हणून. टॅक्सीत ट्रंका चढल्या. कुत्र्याला जागा नव्हती. मुलगा म्हणाला, ह्याचे आता किती दिवस राहिलेत, रस्त्यावर सोडून दे. बा रडायला लागली. "मी म्हटलंय, माका द्या," तू म्हणालीस.

"आणि माका विचारूक नको?"

"विचारला असता तर तुमी नाय म्हणाला असतास. मगे तुमचो शब्द मोडूक लागलो असतो. त्यापेक्षा विचारलंयच नाय."

कुत्रं खाटेखाली जाऊन बसलं ते तिथलंच झालं.

नाव भोळो. बाने ठेवलेलं. दत्ताराम म्हणाला, "नाव पण गुजराथी." तू लगेच त्याला झाडलंस, "भोळो आमच्या कणकवलीतपण भोळोच. तुझ्यासारख्याक शहाणो म्हणत नाय कोण तिकडे." गॅलरीभर हसू झालं. तेव्हा मीसुद्धा हसलो होतो. तुला दिसू नये म्हणून तोंड फिरवून.

भागे, त्या दिवसांत हसायची जागा तेवढीच होती. बाकी रोज कोणाचं तरी डोकं फुटलेलं. रोज कुठल्या तरी चाळीतनं बायका छाती पिटत निघायच्या. पोलिस पळणाऱ्यांच्या मागे जिन्यांवर चढायचे आणि खोल्यांत घुसून मारायचे, म्हातारं बघायचे नाहीत की बाईमाणूस. मलाही खांद्यावर बसली होती एक. हात वर जायचा नाही. तू तीळतेल चोळायचीस आणि म्हणायचीस, "ओरडा आता, मुंबई आमची." ओरडलोच होतो. पुन्हा ओरडेन. मुंबई आपलीच आहे, ह्या गिरण्यांत आपली फुप्फुसं पिंजली गेलीत. त्याबद्दल तुझं-माझं भांडण कधीच नव्हतं.

भांडण होतं ते खोलीतल्या बोलण्यावरनं. त्या कुत्र्याला मराठी कळायचं नाही. "ये" म्हटलं की बघत राहायचं. "बस" म्हटलं की उठायचं. जन्मभर बाच्या तोंडचं गुजराथी ऐकलेलं. तू त्याच्याशी बाची भाषा बोलायचीस. "अहीं आव. बीश नहीं." इकडे ये, भिऊ नको म्हणतात ते. आणि ते लगेच येऊन तुझ्या पायावर हनुवटी टेकायचं. खाली रस्त्यावर घोषणा चाललेल्या आणि माझ्या खोलीत माझी बायको गुजराथी बोलतेय! मी दार लावून घ्यायचो. पण चाळीच्या भिंती म्हणजे काय, पापडच.

दत्ताराम गॅलरीतनं जाताना म्हणाला, "आबा, खोलीत परराज्य आलं की काय?"

तू चुलीपुढनं उत्तर दिलंस, "तुझी पट्टी सोडवूक ये उद्या. मगे बघूया कोणाचा राज्य."

तो आला. खाली बसून पट्टी सोडवून घेतली. जाताना कुत्र्याकडे न बघता म्हणाला, "काकी, निदान हळू बोला. पोरं तापलेली आहेत." तो वाईट नाही, भागे. त्याचा मित्र त्याच्या शेजारी उभा असताना गोळी लागून पडला होता. असल्या माणसाने काय कुत्र्याची भाषा गोड मानून घ्यावी?

कुत्र्याचं खाणं हा आणखी तमाशा. बाकडे डाळभात, खिचडी, दूध. जन्मात मासा नाही. आपल्याकडे पहिल्या दिवशी बांगड्याचं तिकलं झालं तर ते वास घेऊन मागे सरलं आणि शिंकलं. मी म्हटलं, "घे, आता ह्याच्यासाठी शाकाहारी स्वैपाक कर." तू दूधभाकरी कुस्करून घातलीस. पण थोड्याच दिवसांत ते माझ्या ताटाशी येऊन बसायला लागलं. हळूच पंजा माझ्या मांडीवर. मी तुझी नजर चुकवून काटे काढलेला तुकडा टाकला. खाल्लान. मग तोंड असं चाटलान जसं काही काशीला जाऊन आलं. तू बघितलंस. मला वाटलं ओरडशील. तू म्हणालीस, "बाक सांगू नका." एवढं म्हणून तोंडाला पदर लावून हसत बसलीस.

असं ते बाटलं, आणि आपल्यातलं झालं.

भुंकायचं नाही. दारात कोणी आलं तर नुसतं उठून उभं राहायचं, यजमानासारखं. जिना उतरता यायचा नाही, म्हणून तू त्याला उचलून खाली न्यायचीस, सकाळ-संध्याकाळ. मला खोकल्याची उबळ आली की ते खाटेखालनं बाहेर यायचं आणि उबळ थांबेपर्यंत उभं राहायचं. त्याला स्वतःलाही खोकला होता. तू एकदा मला म्हणालीस, "तुमका दात नाय, त्याका दात नाय. तुमी खोकतास, ता खोकता. पण ता गाळी घालणा नाय. म्हणान ता माका बरा वाटता."

आणि फणी. माझ्या फणीने तू त्याचे केस विंचरायचीस! ह्यावर मी जेवढा भडकलो तेवढा गिरणीतल्या जॉबर मुकादमावर पण कधी भडकलो नाही. काठी उगारली. तू कुत्र्यापुढे आलीस.

"मारा. माका आधी मारा."

"माणसाची फणी कुत्र्याला? लाज नाही?"

तेव्हा तू जे बोललीस ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही. आता दिवसभर तेच ऐकतो. मी गिरणीतनं यायचो तेव्हा माझ्या भुवयांत, कानांत, छातीवरच्या केसांत कापूस अडकलेला असायचा. तू मला दारातच बसवायचीस आणि एकेक तंतू बोटांनी काढायचीस. आंघोळीआधी. रोज. किती वर्षं. तू म्हणालीस, "तुमची गिरणी सुटली आणि माझ्या हातांक काम नाय रवला. आता गावला."

मी काठी ठेवली. तेव्हा म्हणायला हवं होतं की गिरणीतले लोक घरी जाऊन नळाखाली डोकं घालायचे आणि मी दारात बसायला मिळावं म्हणून पळत यायचो. हे तुला कोणी सांगितलं नसेल. आता मी सांगतो, तर ऐकायला तू नाहीस.

आता तो दिवस लिहितो. लोकांनी तो आपापल्या परीने सांगितलाय. मी वरनं सगळं बघितलं आहे.

चाळीत ठरलं होतं, पोलिसांची गाडी आली की खालचा मोठा दरवाजा लावायचा, अडसर घालायचा आणि बाप बाहेर राहिला तरी उघडायचा नाही. दुसऱ्या चाळीत उघड्या दरवाजातनं पोलिस शिरले होते आणि तान्ह्या पोरांच्या अंगावरनं धावले होते, म्हणून हे ठरलं. तू पण त्या बैठकीत होतीस आणि मान हलवली होतीस.

तू कुत्र्याला घेऊन खाली गेली होतीस. दिव्याच्या खांबाशी सोडलंस. तेवढ्यात नाक्याकडनं आरोळी आली आणि माणसांचा लोंढा आत पळत आला. त्या लोंढ्याने तुला उचलूनच आत घेतलं. दत्तारामने दरवाजा ओढला, अडसर घातला. कुत्रं बाहेर राहिलं.

मी गॅलरीतनं बघतोय. रस्ता रिकामा. एका टोकाला पोलिस, दुसऱ्या टोकाला पोरं. मधे दगड, काचा, एकट्या एकट्या चपला. आणि खांबाशी ते पांढरं गोळ्यासारखं बसलेलं. पळालं नाही. कुठे पळणार, दिसतंय काय त्याला?

खाली तुझा आवाज. "दत्ता, अडसर काढ."

"काकी, वेडी झालीस? ठरलंय ना?"

"माका ठावक आसा काय ठरला ता. काढ."

"कुत्र्यासाठी दोनशे माणसं मारू?"

त्याचं बरोबर होतं. तू दरवाजाच्या फटीला तोंड लावलंस आणि ओरडलीस, "भोळो! अहीं आव! बीश नहीं, बेटा, अहीं आव!"

लालबागेत, भरल्या गोळीबारात, गुजराथीत. माझ्या बाजूला उभी असलेली बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगो बाय, हिका गप करा कोणीतरी." खालून कोणीतरी आईवरनं शिवी दिली. कुत्र्याने आवाज ऐकला, उठलं आणि चालायला लागलं. पण आवाज भिंतींवर आपटून कुठनं कुठे जातो. ते उलटं चाललं. पोलिसांकडे.

मोठ्या दरवाजाच्या पोटात तो छोटा दिंडीदरवाजा आहे, वाकून जायचा. त्याला नुसती कडी. ती तू काढलीस. दत्तारामच्या हातात तुझा पदर आला आणि फाटला.

मी ओरडलो. "भागे! मरू दे ते!"

तू ऐकलंस. मान वर केली नाहीस, पण हात मागे असा हलवलास, मी काही बडबडलो की हलवायचीस तसा. गप रवा म्हणून.

तू धावलीस. म्हातारी बाई काय धावणार, पण धावलीस. कुत्र्यापर्यंत पोचलीस, वाकलीस, उचललंस, वळलीस. तोंड आपल्या चाळीकडे होतं. गोळी पाठीत लागली. तू आधी गुडघ्यांवर आलीस आणि मग कोपरांवर. भागे, मी बघितलं, तू पडताना कोपरं टेकलीस. अंग त्याच्यावर पडू नये म्हणून. एवढं भान त्या वेळी माणसाला कुठनं येतं?

मग दत्तारामने आपल्याच हाताने मोठा अडसर काढला. चाळीचं ठरलेलं त्यानेच मोडलं. तो आणि आणखी दोघं दगड-गोळ्यांतनं गेले आणि तुला, कुशीतल्या कुत्र्यासकट, ओढून आणलं. एकाच्या हाताला छर्रा लागला. मी जिना कसा उतरलो ठाऊक नाही. कोळशाची हातगाडी होती, तिच्यावर तुला घातलं आणि मागच्या गल्लीतनं पळवली. तुझं डोकं माझ्या हातात. रक्त फळ्यांतनं खाली गळत होतं आणि कोळशाच्या धुळीत काळं होत होतं. हॉस्पिटलच्या वळणाआधीच तू संपलीस. शेवटी काय बोलली म्हणून लोक विचारतात. काही बोलली नाहीस. बोलायची तू तेवढीच, "गप रवा," तेही हाताने.

परत आलो तर कुत्रं दारात उभं. पांढरं राहिलंच नव्हतं. शेजारणीने त्याला धुतलं, पण मानेखाली लाली राहिली होती.

लोक येत होते. तुझ्या नावाने घोषणा झाल्या. आपल्या चाळीच्या दरवाजावर दत्तारामने चुन्याने मोठी पाटी रंगवली, तुझं नाव, आणि खाली "मुंबईसाठी प्राण दिला". मी बघून आलो. अक्षर चांगलं आहे पोराचं. दुसऱ्या चाळींतनं लोक येऊन हात जोडायचे. एक म्हातारा गिरणीवाला माझ्या पाया पडला. माझ्या! मी पाय मागे घेतले.

मग दत्ताराम खोलीत आला, खाली बसला आणि हळूच म्हणाला, "आबा, कुत्र्याचं कुठे बोलू नका."

"का?"

"उद्या पोलिस म्हणतील, बाई कुत्रं धरायला गेली, मधे आली, आमचा काय दोष? काकीच्या रक्ताची माती होईल. आणि आबा, ते इथे नको. लोक दर्शनाला येतात आणि गुजराथी कुत्रं दारात उभं."

"कुठे नेऊ?"

"मी नेतो. वाईट नाही करणार. लांब सोडून येतो."

मी म्हटलं, बघू.

भागे, खरं सांगतो, मला ते नकोच होतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं. तू नाहीस आणि ते आहे, ह्याचा मला राग होता. ते खोकलं की वाटायचं, खोकतोस काय, मर ना. एका दुपारी दार लावून मी त्याला मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात त्याच्या मानेभोवती धरले. गिरणीत साचे ओढलेले हात आहेत. त्या मानेत होतं काय, चिमणीएवढं हाड. त्याला वाटलं मी केस विंचरणार. मान वर केलान, डोळे मिटलान आणि अंग सैल सोडून दिलान. हात मानेवर तसेच राहिले. मग मी फणी घेतली. माझीच.

दहावा दादरच्या समुद्रावर केला. भोईवाड्याहून तुझा भाऊ सखाराम आला होता, चाळीतली माणसं होती, दत्ताराम आणि त्याची पोरं होती. भटजींनी पिंड मांडले. कावळे होते झाडावर. पण त्याच वेळी शहराच्या बाजूने गोळ्यांचे आवाज आले, एक, मग बरेच. झाडावरचे सगळे कावळे एकदम उठले आणि माहीमच्या दिशेने गेले ते गेलेच.

आम्ही उभे. ऊन चढलं. कावळा नाही.

भटजी म्हणाले, "त्यांचं काही मनात राहिलं असेल. बोला कोणीतरी."

सखाराम पुढे झाला. "बाय, भावोजींक मी बघीन. उपाशी नाय ठेवूचंय." आकाश रिकामं. कोणीतरी म्हणालं, बाईला गावचं घर शाकारायचं होतं. सखाराम तेही करतो म्हणाला. नाही. मग दत्ताराम हात जोडून मोठ्याने म्हणाला, "काकी, मुंबई महाराष्ट्रात आणल्याशिवाय थांबणार नाही. शपथ आहे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरं पण म्हणाली, शपथ आहे. एकसुद्धा कावळा नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. पहिल्यापासून ठाऊक होतं. जीभ उचलत नव्हती. एवढ्या लोकांत, त्या पोरांसमोर, ज्यांनी तुला खांद्यावर नेलं. सखाराम कानाशी म्हणाला, "भावोजी, बोला कायतरी, बाय अडकून रवली." तेव्हा मी बोललो, आणि बोललो तर मोठ्यानेच बोललो.

"भागे, तू कुत्र्यापायी गेलीस. मी बघितलंय. ते कुत्रं मी ठेवीन. मरेपर्यंत ठेवीन, ते मरेपर्यंत नाहीतर मी. आता ये."

कोणी हललं नाही. दत्ताराम माझ्याकडे असा बघत राहिला जसा मीच त्याला लाठी मारली. लाटांचा आवाज येत होता. मी वर बघत होतो. मान दुखायला लागली तरी बघत होतो.

तू आली नाहीस.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. "परिस्थिती अशी आहे, चालतं," म्हणाले. लोक पाय धुऊन निघाले. परतताना दत्ताराम माझ्या बाजूने चालत होता. मग म्हणाला, "आबा, काकीचा मान घालवलात तुम्ही."

"काय घालवला? तिच्या हातात दगड नव्हता, कुत्रं होतं. आणि तोंड घराकडे होतं. पाठीत लागली तिला. हे जगाला सांग ना. ह्याने पोलिसांना जास्त लागेल का कमी?"

तो थांबला. विचार केलान. "पण मुंबईसाठी नाही गेली मग."

"मुंबईतच गेली. घरासमोर."

"आणि कावळा पण शिवला नाही," तो रागाने म्हणाला. "म्हणजे तुमचा शब्द काकीला पटला नाही. मग कशाला ठेवता ते?"

पोरगं चिडून बोललं, पण बरोबर जागी मारलं. कारण मला तेच खातंय, भागे. तू ऐकलंस का? की कावळ्यांबरोबर तूही भिऊन उडालीस? की रागावलीस, मरू दे म्हटलं म्हणून? जन्मभर तू माझं ऐकून घ्यायचीस आणि उत्तर द्यायचीस. आता मी बोललो आणि तू गप्प, असं पहिल्यांदाच झालं.

दत्ताराम काल संध्याकाळी पुन्हा आला. दारातच उभा राहिला. कुत्रंही उठून त्याच्यासमोर उभं राहिलं. "पाटी पुसू काय आबा?" म्हणाला. मी म्हटलं, "नाव पुसलंस तर हात मोडीन." "आणि खालचं?" "खालचं तू लिहिलंयस. तूच ठरव." तो अजून ठरवतोय. आज सकाळी पाटी होती तशीच होती.

कावळा शिवला असता तर मी सुटलो असतो. शब्द दिला, पोचला, संपलं, असं झालं असतं. तो शिवला नाही म्हणून मला रोज सकाळी उठून तोच शब्द पुन्हा द्यावा लागतो. तोंडाने देत नाही. भोळोला काखेत उचलतो, कठडा धरतो आणि जिना उतरतो, खांदा दुखतो तरी. दिंडीदरवाजा वाकून जावा लागतो, म्हणून दत्तारामला सांगितलंय, मोठा उघड. तो उघडतो. तोंड फिरवून, पण उघडतो. आणि मी त्या पाटीखालनं, सगळ्या लोकांसमोरनं, कुत्रं घेऊन बाहेर जातो. पाटी आहे ती राहू दे तिथे, आणि मी आहे तो इथे. ज्याला तुझ्याबद्दल वाचायचं असेल त्याने दोन्ही वाचावं.